रिकाम्या पोरांची यादी

अवनी म्हेतरला व्यसनाला मी लावलं. मशीन नंतर आलं, केंद्र नंतर आलं, तो चुरमुरा तर फारच नंतर. पहिली खूण माझ्या बोटाची आहे, आणि आपण काय करतोय हे पुरतं माहीत असताना ती मी केली. बाकीच्यांकडे नंतर येते. त्यांनाही सोडणार नाही.

मी उज्ज्वला पोवार, सर्वेक्षण सेविका. मानधनावर. सरकारला घराघरातलं जे जे जाणून घ्यायचं असतं ते टॅबलेट घेऊन विचारत फिरायचं, हे माझं काम. शौचालय आहे का, ताप येतो का, आजोबांना ऐकू येतं का. लोक मला सर्वेबाई म्हणतात. खटखट गल्लीतल्या बायका तोंडावर सर्वेबाई म्हणतात आणि पाठीमागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण मी त्याच गल्लीत वाढले.

गल्लीला कागदावर एका पुढाऱ्याचं नाव आहे, ते पोस्टमनलाही सांगता यायचं नाही. गावातले मोठे कारखाने कधीच हवेवर चालणाऱ्या मागांवर गेले. आमच्या गल्लीमागच्या पत्र्यांच्या शेडमधून मात्र अजून जुने धोट्याचे माग चालतात. धोटा म्हणजे कापडातून इकडून तिकडं आडवं सूत नेणारी लाकडी नाव. तिच्या पोटात कांडी बसते, बोटापेक्षा थोडी मोठी नळी, सुतानं भरलेली. काही मिनिटांत ती संपते आणि मागवाला दुसरी मागतो. या कांड्या भरायचं काम घराघरात चालतं. छोटी मोटर, समोर फिरणाऱ्या चात्या, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला शाळेतून आलेली पोर. चार ते सात.

मी गल्लीत शिरले की माझ्या पुढं पुढं एकेका घराची मोटर बंद होत जाते. पक्षी उडावेत तशी. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या लहानपणी बालकामगारांचे साहेब यायचे तेव्हा माझी आई मोटरची पिन उपसायची आणि मी पुस्तक उघडायचे. बऱ्याचदा उलटं धरलेलं असायचं. साहेबानं विचारलं, पोरगी काय करते, की आई म्हणायची, काय न्हाय, रिकामीच असते. हे उत्तर गल्लीतल्या प्रत्येक बाईला झोपेतसुद्धा देता येतं. कायद्यात नेमकं काय बसतं हे कुणीच कधी नीट सांगितलं नाही. दंड मात्र सगळ्यांनी ऐकलेला.

त्या दिवशी भारती म्हेतरच्या दारात उभी राहिले तेव्हा मोटर नुकतीच थांबली होती. चात्या अजून फिरत होत्या. भारती पदराला हात पुसत होती आणि नववीतली अवनी भिंतीला टेकून भूगोल वाचायचं नाटक करत होती. तिच्या भुवयांत कापूस अडकलेला, म्हातारीसारखा. दोघी नुकत्याच कशावरून तरी हसत होत्या आणि माझ्यामुळं ते हसू तोंडात दाबून बसल्या होत्या. तीन तास त्या दोघींची तोंडं चालायची. शाळेतली भांडणं, शेजारणीचं लग्न, कुठल्या मास्तरला घाम जास्त येतो, सगळं. बाहेरून जाताना मला मोटरपेक्षा त्यांचा आवाज जास्त ऐकू यायचा.

प्रश्न चौदावा होता, शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत मूल काय करतं? उत्तरं ठरलेली. खेळ, शिकवणी, कला, संस्कारवर्ग, मोबाइल, काही नाही, इतर.

"काय न्हाय गं," भारती म्हणाली. "रिकामीच असती. नुसतं तोंड चालतंय तिचं."

पंधरावा प्रश्न, आठवड्यातून किती दिवस कुटुंब एकत्र जेवतं? तिचा नवरा दिगंबर संध्याकाळी सातला पाळीवर जातो, सकाळी येतो. एकत्र जेवण रविवारी. मी एक लिहिला.

'इतर'मध्ये मी लिहू शकले असते. पण तिथं 'घरात काम करते' असं लिहिलं की ती ओळ त्याच मिनिटाला दुसऱ्या खात्याकडं जाते. प्रशिक्षणात आम्हाला हे छाती फुगवून सांगितलं होतं, की आता सगळी खाती एकमेकांना जोडली आहेत. मग मी 'काही नाही'वर बोट ठेवलं. गल्लीतल्या चाळीस घरांपैकी सदतीस घरांत तेच केलं. घरी जाताना मला वाटत होतं, मी माझ्या लोकांना वाचवलं.

आता हे सर्वेक्षण ज्या 'सांजवेळ' योजनेसाठी होतं ती काय होती ते सांगते.

शाळा सुटल्यावर एखादा खेळ खेळणारी, कुणा मोठ्या माणसाच्या नजरेखाली काहीतरी शिकणारी, घरच्यांबरोबर बसणारी-जेवणारी पोरं तंबाखू-दारूकडं कमी वळतात, हे अभ्यास करणाऱ्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वीच पाहिलंय. ते खोटं नाही. माझं त्याच्याशी भांडण नाही. पण ते हजारो पोरांच्या गर्दीबद्दल खरं आहे. त्या गर्दीतल्या एका पोरीबद्दल ते काहीच सांगत नाही. शिवाय खेळामुळं पोरगं नशेपासून लांब राहिलं, की नशेपासून लांब असलेलंच पोरगं खेळायला गेलं, हेही त्या आकड्यांना माहीत नसतं.

साहेबांना मात्र एकेका पोराच्या धोक्याचा आकडा पाहिजे होता. मग मोठ्या शहरांतल्या पन्नास हजार मुलांची उत्तरं घेतली, त्यांच्याच केसांची तपासणी केली, आणि दोन्ही मशीनला दिलं. एका बाजूला प्रश्नांची उत्तरं, दुसऱ्या बाजूला कोण नशा करतं ते. मशीन अंदाज करतं, चुकतं, कुठल्या उत्तराला किती वजन द्यायचं ते थोडं बदलतं, परत अंदाज करतं. लाखो वेळा. शेवटी सगळ्यात जड वजन बसलं 'काही नाही' या उत्तराला. शहरात ते बरोबरच होतं. तिथली आई 'काही नाही' म्हणते तेव्हा पोर खरंच कुलूपबंद फ्लॅटमध्ये एकटं असतं. आमच्या गल्लीत त्याच दोन शब्दांचा अर्थ होतो, साहेब, आत बघू नका. मशीनला शब्द कळला. भीती कळायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण शिकवणाऱ्यांना ती कधी वाटली नव्हती.

सत्तरच्या वर आकडा म्हणजे धोका, म्हणजे यादीत नाव. आमच्या गल्लीतली सदतीसच्या सदतीस घरं वर गेली. अवनीचा आकडा आला एक्याऐंशी.

जुलैत पत्रं आली. यादीतल्या मुलांनी रोज चार ते सात सांजवेळ केंद्रात बसायचं. नाही बसलं तर पुढं दहावीचा फॉर्म घेणार नाहीत. केंद्र म्हणजे बंद पडलेलं एक मंगल कार्यालय. त्यात गावभरातली नव्वद पोरं, एक पर्यवेक्षक आणि भिंतीवर पडदा. पडद्यावर रोज तेच काळं पडलेलं फुप्फुस. नव्वदातली सात-आठ खरोखर लागलेली होती. बाकीची आमच्यासारख्यांच्या घरातली, आईच्या शेजारून उठवून आणलेली.

आणि मग ज्या कुणा शहाण्याला हे सुचलं त्याचं नाव मला आजही कुणी सांगत नाही. रोज शेवटचा तास 'अनुभवकथन'. प्रत्येकानं उभं राहून आपण पहिल्यांदा नशा कधी केली ते सांगायचं. लाजायचं नाही, लपवायचं नाही.

पहिल्या आठवड्यात अवनी घरी येऊन आईला म्हणाली होती, मला अनुभवच नाही तर मी काय सांगू? सर म्हणाले, इथं आलीस म्हणजे आहे, आठवून सांग. भारतीला हसू आलं. तिनं सांगितलं, ठोकून दे काहीतरी. अवनीनं ठोकलं. मामाच्या लग्नात बिअरचा घोट घेतला म्हणून सांगितलं. पोरं हसली, कारण खऱ्या पोरांना खोटं लगेच ओळखू येतं. ज्यांना खरंखुरं सांगता येत होतं ती सात-आठ त्या कार्यालयात राजे झाली. त्यांच्या तासाला टाळ्या, त्यांच्याशेजारी बसायला भांडणं.

ओठाखाली ठेवायची एक पुडी मिळते, निकोटिनची. पांढरी, एवढीशी. पोरं तिला चुरमुरा म्हणतात. अवनीनं पहिला चुरमुरा ठेवला तो सांगायला काहीतरी असावं म्हणून. लक्षात येतंय का? सरकारनं पोरीला रोज विचारलं, तुझं व्यसन कुठाय? चाळीस दिवसांनी पोरीनं व्यसन आणून दाखवलं.

दर आठवड्याला मशीन नवा आकडा काढायचं. पोरगी तीन तास घराबाहेर, घरात बोलणं बंद, म्हणून आकडा वाढायचा. चौऱ्याऐंशी. सत्त्याऐंशी. केंद्रामुळंच घरातला वेळ तुटतोय, हे मशीनच्या डोक्यात कुठंच नव्हतं. आमच्या बैठकीत पर्यवेक्षक म्हणाले, बघा, आपण वेळेत पकडली.

ऑक्टोबरात एका दुपारी भारती माझ्या घरी आली. बस म्हटलं तर बसली नाही. चहा नको म्हणाली. तिच्या हातात अवनीची कंपासपेटी होती. उघडून तिनं ती माझ्या ओट्यावर उपडी केली. कर्कटक, खोडरबर आणि तीन चुरमुरे.

"तुझ्या मशिनीनं सांगितलं व्हतं न्हवं? घे. खरं झालं."

मी म्हटलं, वैनी, उत्तर तुम्हीच दिलेलं.

"मी दिलं. तुला ठावं न्हवतं? माझ्या दारातनं ये-जा करतीस. आमच्या दोघींच्या बडबडीनं तुझं कान किटायचं. तू कशाला लिहिलीस रिकामी?"

मी कर्कटक उचलून पेटीत ठेवलं. काय बोलणार? तुमच्या भल्यासाठी? ती म्हणाली, पोरगी आता सातला येते आणि भिंतीकडं तोंड करून बसते. विचारलं तर म्हणते, काही नाही. हे सांगताना भारती रडली नाही. आमच्याकडं बायका अशा वेळी रडत नाहीत, भांडतात. ती माझ्याशी अर्धा तास भांडली आणि ते मला हवंच होतं.

तीन महिने झाल्यावर केंद्रातल्या सगळ्यांच्या केसांची तपासणी झाली. अवनीच्या केसात निकोटिन निघालं. पंच्याऐंशीच्या वर आकडा आणि केसात नशा, दोन्ही जुळलं की मूल वर्षभरासाठी जिल्ह्याच्या निवासी केंद्रात. हरकत घ्यायला आठ दिवस. त्या निवासी केंद्रातून आलेली दोन पोरं मी पाहिली होती. त्यांनी चुरमुरा सोडला होता. कारण तिथं त्याहून भारी मिळत होतं.

केसांची तपासणी करणाऱ्या गाडीवर फरीदा मुजावर नावाची तंत्रज्ञ होती. माझ्याबरोबर अकरावीला होती, ती पुढं शिकली, मी नाही. तिला गाठलं. फरीदा सरळ बोलणारी. तिनं मला गाडीतल्या स्टुलावर बसवून समजावलं. केसाच्या मुळाशी रक्त खेळतं. त्या वेळी रक्तात जे असेल त्याचा कणभर अंश वाढत्या केसात अडकतो आणि केसाबरोबर पुढं सरकत जातो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे डोक्यापासून तीन सेंटिमीटर म्हणजे गेले तीन महिने. सरकार तेवढंच कापतं, बाकीचा केस फेकून देतं.

मग तिनं विचारलं, "पोरीचे केस केवढे आहेत?"

मी म्हटलं, कमरेपर्यंत वेणी आहे.

फरीदानं हातातली कात्री खाली ठेवली. म्हणाली, "मग तिची चार-पाच वर्षं तिच्या पाठीवर लोंबतायत की."

आम्ही दोघी भारतीच्या घरी गेलो. पेन्सिलीएवढी एक बट डोक्यापाशी कापायची होती, मागच्या बाजूनं, दिसणारही नाही अशी. अवनीनं ऐकून घेतलं आणि दोन्ही हातांनी वेणी धरून कोपऱ्यात सरकली. तिचा वरचा ओठ सुजलेला होता. ती म्हणाली, "मी घेते ते झालं की सिद्ध. अजून किती येळा करायचंय?"

भारती तिच्यासमोर उकिडवी बसली. "घेत न्हवतीस, ते करायचंय."

पोरगी आईकडं बघत बसली. आपण कधीकाळी घेत नव्हतो, हे ती स्वतःच विसरली होती असं मला वाटलं. मग ती पाठ करून बसली.

फरीदानं रविवारी, गाडी उभी असताना, ती बट डोक्याकडून एकेक सेंटिमीटरनं कापून तीन वर्षांचे छत्तीस तुकडे तपासले. तिच्या नोकरीचं काय होईल हे मी विचारलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. डोक्यापाशी पहिल्या दोन तुकड्यांत निकोटिन भरपूर, तिसऱ्यात जेमतेम. त्यापुढच्या तेहतीस तुकड्यांत शून्य. कागदावर आलेख काढला तर उभी भिंत. भिंतीच्या अलीकडं केंद्र, पलीकडं आई.

आता वाटेल, काम झालं. मलाही वाटलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायका भारतीच्या दारात जमल्या. नुसता केसांचा कागद चालणार नाही, पोरगी संध्याकाळी काय करत होती ते तोंडानं सांगावं लागणार, हे सगळ्यांना कळलं होतं. आणि एका घरानं तोंड उघडलं तर चाळीसही घरांची तपासणी होणार. शेजारची मालन बोलली ते मला आजही खोडता येत नाही. ती म्हणाली, तुझी पोरगी सुटंल, पण आमच्या मशिनी जातील त्याचं काय? माझा नवरा पाठीनं गेलाय, कांड्यांवर चूल चालती. कुणी शिवीगाळ केली नाही. हात जोडले. ते जास्त वाईट होतं.

भारती एवढंच म्हणाली, तुमची पोरं पण तिथंच बसत्यात. आणि आत गेली.

सुनावणीला रांगणेकर म्हणून सहसंचालक होते. सभ्य माणूस. आम्हाला बसा म्हणाला, पाणी मागवलं. असल्या माणसांची मला जास्त चीड येते, कारण त्यांच्यावर ओरडायला जागाच नसते. आलेख त्यांनी मन लावून पाहिला. म्हणाले, जुन्या केसांतून धुऊन जातं थोडंफार. फरीदा उभी राहिली आणि म्हणाली, धुऊन गेलं तर उतार दिसतो सर, हळूहळू कमी होत गेलेला. अशी कडा दिसत नाही. त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. आणि मग ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"पण ताई, हे तर आमचंच म्हणणं झालं. मशीननं सांगितलं होतं की ही मुलगी नशा करेल. तेव्हा करत नव्हती, आता करते. अंदाज खरा ठरला."

त्यांना खरोखर आनंद झाला होता. मी त्या तोंडाकडं पाहत होते आणि मला कळत होतं की हा माणूस खोटं बोलत नाहीये. त्याला खड्डा खणून त्यात ढकललेलं पोर दाखवलं तरी तो म्हणणार, बघा, पडणार हे आम्ही आधीच लिहिलं होतं.

मी उभी राहिले. सांगितलं की चौदाव्या प्रश्नाचं उत्तर खोटं आहे आणि मी ते माहीत असताना भरलं. एकट्या हिचं नाही, सदतीस घरांचं. रांगणेकरांनी लेखनिकाला लिहून घ्यायला सांगितलं आणि भारतीकडं वळून विचारलं, मग मुलगी संध्याकाळी काय करत होती?

भारतीच्या आईनं आणि आजीनं ज्या प्रश्नाला कधी खरं उत्तर दिलं नाही तो प्रश्न होता तो. ती आधी घोटभर पाणी प्यायली.

"माझ्यासंगं कांड्या भरायची साहेब. आठ वर्षांची असल्यापासनं. चार ते सात. मी रिकामी म्हणून सांगितलं, कारण तुमचीच माणसं आमच्या दारात मशिनी उचलाय येत्यात. तुम्हाला पायजे ते क्लास माझ्याकडं न्हाईत. एका ताटात जेवाय नवरा घरी नसतोय. पण तीन तास ती पोरगी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची, आन् तिच्या मनात आलेलं पयलं मला कळायचं. पाळी आलेली मला शाळेच्या बाईच्या आदी कळली. कोण पोरगं माघं लागतंय ते कळलं. ही नशा मला कळली न्हाय, कारण तवा ती तुमच्याकडं व्हती."

लेखनिकानं नवं उत्तर भरलं. पालकाबरोबर रोज तीन तास, सहा वर्षं. मशीननं क्षणभर विचार केला आणि पडद्यावरचा एकोणनव्वद पुसून तिथं एकोणीस आला. एकोणीस. पोरीच्या ओठाखाली तेव्हाही चुरमुरा असेल कदाचित. मशीनच्या लेखी ती गावातली सगळ्यात सुरक्षित पोर झाली होती. लेखनिक हसला, मग साहेबांकडं बघून थांबला. त्याच वेळी बाजूच्या प्रिंटरमधून दुसरा कागद बाहेर आला. तो बालकामगार खात्याचा होता. सगळी खाती जोडलेली आहेत.

निवासी केंद्राचा आदेश रद्द झाला. केंद्रातलं नावही कमी केलं. मला तिथल्या तिथं कामावरून काढलं, आणि टॅबलेट जमा करून घेतला. मी विचारलं, बाकीच्या पोरांचं काय? रांगणेकर म्हणाले, प्रत्येकानं स्वतंत्र हरकत घ्यावी, असाच केसांचा पुरावा असेल तर अवश्य विचार करू.

केसांचा पुरावा. केंद्रातल्या नव्वदात साठ मुलगे. शाळेचा नियम आहे, मुलग्यांचे केस बोटात धरता येऊ नयेत. त्यांची आधीची सगळी वर्षं न्हाव्यानं झाडून कचऱ्यात टाकली होती.

तिसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि भारतीच्या मोटरला लाखेचं सील ठोकून गेली. गल्लीत कुणी बाहेर आलं नाही. मालननं दार लावून घेतलं. मी तिथंच पायरीवर बसले होते, मला आता कुठं जायचं नव्हतं. चार वाजले. अवनी शाळेतून आली, सील बघितलं, दप्तर टाकलं. बोटं मोडत बसली. मग आईकडं न बघता म्हणाली की याच वेळेला सगळ्यात जास्त पाहिजे वाटतं. तोंडाला पाणी सुटतं. आज सकाळी दोन घेतले.

तीन महिन्यांत तिनं आपणहून सांगितलेली ती पहिली गोष्ट होती. भारतीनं तिला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. तिनं विचारलं, तिथं तुझ्याबरोबर कोण कोण बसतं, नावं सांग. अवनी सांगत गेली, मी एका पाठकोऱ्या कागदावर लिहीत गेले. एकेका पोराच्या आईला गाठायचं, चौदाव्या प्रश्नाचं खरं उत्तर सगळ्यांनी एकाच दिवशी जाऊन सांगायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. एका घराची मशीन उचलता येते. सदतीस घरांच्या उचलल्या तर मागची शेड दुसऱ्या दिवशी बंद पडते, आणि शेडचे मालक कुणाच्या ओळखीचे आहेत ते साहेबांनाही ठाऊक आहे.

आम्ही उठलो तर अवनीही चपला घालायला लागली. तू कशाला, असं भारती म्हणाली. ती पुढं चालायला लागली आणि मधली दहा-बारा दारं सोडून थेट गल्लीच्या टोकाला ढवळ्यांच्या दारात जाऊन थांबली. त्यांचा समर्थ आठवीत आहे. त्याचा आकडा आता अठ्ठ्याऐंशी, निवासी केंद्राच्या पंच्याऐंशीच्या वर. आत कांडीची मोटर चालू होती, आमच्या पावलांनी बंद झाली. राजश्री ढवळे दार अर्धं उघडून उभी राहिली. हाताला सूत चिकटलेलं. तिनं आधी मला पाहिलं, मग भारतीला, आणि तिचं तोंड कडू झालं. आम्ही काय मागायला आलोय ते तिला कळलं होतं. ती नाही म्हणणार हे मलाही कळलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अवनी मध्ये शिरली.

"काकू, समर्थ माझ्या शेजारी बसायचा. त्याला सांगायला काय न्हवतं म्हणून रडायचा. त्याला पयला चुरमुरा मी दिला."

राजश्रीनं तिला एक शिवी घातली, अशी की ती मी इथं लिहिणार नाही. भारती मध्ये पडली नाही. अवनी जागची हलली नाही, मान खाली घालून ऐकत राहिली आणि राजश्री श्वास घ्यायला थांबल्यावर म्हणाली, अजून आहे, सगळं सांगते.

राजश्रीनं दाराची कडी सोडली. मग ती बाजूला सरकली.

"चपला भायेर काढा," ती म्हणाली. "सूत सांडलंय."